मोहिद्दीन टेलर आणि खडकाची खोली

पौडच्या बाजारपेठेत एका वाण्याच्या जिन्याखाली मोहिद्दीन मुलाणीचं शिलाईचं दुकान होतं. दुकान म्हणायचं ते आपलं माणुसकीखातर. मशीन आत, मोहिद्दीन अर्धा आत आणि गिऱ्हाईक रस्त्यावर. माप द्यायला आत शिरलेला माणूस ताठ उभा राहिला की जिन्याची पायरी डोक्यात बसायची, म्हणून निम्म्या पौडाची मापं वाकलेल्या अंगानं घेतलेली आणि सगळ्यांचे सदरे पाठीत आखूड. पण कुणी तक्रार केली नाही. पौडातल्या माणसांना वाटायचं, सदरा असाच असतो.

राहायची खोलीही त्या वाण्याचीच, दुकानाच्या मागे. निकाह झाला तेव्हा मोहिद्दीननं सासऱ्याला शब्द दिला होता, "जिन्याखाली चार महिने. मग सोताचं घर." त्या चार महिन्यांची बावीस वर्षं झाली. बीबीजान ते तोंडानं कधी बोलून दाखवायची नाही. फक्त जिन्यावरून कुणी धाडधाड उतरलं आणि वरची माती आमटीत पडली, की ती पळी थांबवून नवऱ्याकडं बघायची. तिचं ते बघणं मोहिद्दीनला शिवीपेक्षा लागायचं.

तरी त्याच्या हाताला नाव होतं, आणि ते सदऱ्यांमुळं नव्हे, खोळींमुळं. मुळशीत मिरगापासून दसऱ्यापर्यंत जे उघडं राहील त्याला बुरशी येते. चपलेला येते, कातडी पाकिटाला येते, भिंतीवरच्या फोटोतल्या माणसाच्या तोंडालाही येते. त्यामुळं इथल्या लोकांची सवयच अशी, की वस्तू घरात आली की आधी झाकायची आणि मग ती काय आहे ते बघायचं. मोहिद्दीन रेनकोटच्या रबरी कापडाच्या खोळी शिवायचा. सायकलच्या सीटला, वाण्याच्या तराजूला, भजनी मंडळाच्या पेटीला. चहावाल्या कुशाबाच्या ट्रान्झिस्टरला त्यानं अशी बेतशीर खोळ शिवली, की बटणंही आतच गेली. रेडिओ ज्या स्टेशनावर होता त्याच स्टेशनावर चार महिने बोलत राहिला. कुशाबा भांडायला आला.

"आत पानी गेलं का?" मोहिद्दीननं विचारलं.

"न्हाई."

"वारं?"

"वारं बी न्हाई."

"मंग?" असं म्हणून त्यानं पुन्हा मशीनला पाय लावला.

तर असा हा माणूस. आणि पंच्याऐंशी साली अखेर त्याला घर मिळायची वेळ आली.

हैबतरावांचं दगडी घर पेठेच्या वरच्या अंगाला, टेकडीला पाठ लावून उभं. पुढं ओसरी, मग माजघर आणि सगळ्यात मागची खोली टेकडीत कोरून काढलेली. तिची एक भिंत म्हणजे नुसता उघडा खडक. हैबतरावांच्या आज्यानं ती हिरडा साठवायला काढली होती. हैबतराव स्वतः कोळवणला शेतावर राहायला गेलेले, घराला कुलूप. सुपारी फुटली. घर बीबीजानच्या नावावर घ्यायचं, खरेदीखत दसऱ्याच्या आधी करायचं असं ठरलं, आणि चावी मोहिद्दीनच्या खिशात आली. त्याचा सगळा बेत तयार होता. ओसरीत मशीन, माजघरात चूल आणि उठबस, आणि खडकाच्या खोलीत निजायचं. उन्हाळ्यात गार, पावसाळ्यात ऊब. तिथं माणूस ताठ उभा राहिला तरी वर तीन हात मोकळे!

इथं आड आल्या त्या जया मॅडम. मे महिन्याच्या शेवटी एसटीतून उतरल्या, खांद्याला झोळी, पुण्याच्या एका कॉलेजात विज्ञान शिकवायच्या. जुनी दगडी घरं शोधत त्या कोळवणला हैबतरावांकडं गेल्या, त्यांनी चावीसाठी मोहिद्दीनकडं धाडलं. बाईंनी खडकाची खोली बघितली आणि त्यांचे डोळे असे चमकले, की मोहिद्दीनला वाटलं आता ह्याच बाई घर घेतात.

"जमिनीतून एक वायू येतो," त्या म्हणाल्या. "दिसत नाही, वास नाही. उघड्यावर वाऱ्यानं निघून जातो, पण बंद खोलीत साठतो. आणि वर्षानुवर्षं तो छातीत जात राहिला तर फुप्फुसाला वाईट. पावसाळ्यात घरं बंद असतात, म्हणून आत्ताच मोजायचंय."

झोळीतून त्यांनी दोन प्लास्टिकचे पेले काढले. आत नखाएवढी लालसर फिल्म, तोंडाला पातळ कागदासारखं काहीतरी ताणून बसवलेलं. एक माजघरात टांगला, एक खडकाच्या खोलीत.

"साडेतीन महिने हलवायचे नाहीत. आणि जपा हं, मोहिद्दीनभाई. पाणी, धूळ लागू देऊ नका."

"जपतो की," मोहिद्दीन म्हणाला. जपायचं काम त्याला कुणी शिकवायला नको होतं.

घरी येऊन हे त्यानं बीबीजानला सांगितलं, तिथं पहिली चूक झाली. भोपाळला विषारी वायू सुटून माणसं मेली त्याला अजून सहा महिने झाले नव्हते. कुशाबाच्या रेडिओवर ते सगळं तिनं ऐकलं होतं. त्यातून तिला दम्याचा त्रास.

"ग्यास?" ती म्हणाली. "घरात?"

"आगं तसला न्हाई. लई बारीक असतुया. घाबरायचं कारन न्हाई म्हनल्या बाई."

"घाबरायचं कारन न्हाई, तर मग मोजत्यात कशाला?"

 हाच प्रश्न मोहिद्दीनला पुढचं वर्षभर नडला. बीबीजाननं सांगून टाकलं, मोजणी होऊन बाईंच्या तोंडून कळल्याबिगर मी उंबरा ओलांडायची न्हाई आणि कागदावर आंगठा तर त्याहून न्हाई.

हैबतराव बाजाराच्या दिवशी आले तेव्हा त्यांच्या कानावर घातलं. ते जिन्याखाली डोकं घालून गरजले, "ग्यास? आरं, माजा आजा त्याच खोलीत निजायचा. ब्यान्नव वर्सं जगला!"

"आन आजी?" आतून बीबीजानचा आवाज आला.

"आजी लौकर गेली."

"त्या कुटं निजायच्या?"

हैबतरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. "तितंच," ते म्हणाले. आणि मग मोहिद्दीनवर डोळे काढले, जणू आजीला त्यानंच मारलं.

जूनमध्ये पाऊस धरला. मोहिद्दीन रोज संध्याकाळी वर जाऊन कुलूप काढायचा आणि पेले बघून यायचा. तिसऱ्या दिवशी खडकाला पाझर फुटलेला दिसला. वरून कौलातून तुषार येतच होते, आणि माजघरातल्या पेल्यावर एक कोळी चढलेला.  पेला बिघडला म्हणजे मोजणी गेली, मोजणी गेली म्हणजे आंगठा गेला, आंगठा गेला म्हणजे घर गेलं आणि पुन्हा जिना! तो तसाच भिजत खाली आला, हैबतरावांच्या सायकलीच्या खोळीतून उरलेलं रबरी कापड काढलं, आणि दोन खोळी शिवल्या. दुहेरी टीप. शिवणीला मेण. वर घट्ट नाडी. पेल्यांना त्या अशा बसल्या की त्यानं स्वतः दोन पावलं मागं सरून बघितलं आणि मान हलवली. आता कोळ्याच्या सात पिढ्या आल्या तरी आत जायच्या नाहीत.

सप्टेंबरच्या मध्याला बाईंचं कार्ड आलं, अमुक दिवशी येते. मोहिद्दीननं आदल्या दिवशी खोळी काढल्या. आतले पेले दुकानातून आणल्यासारखे कोरे करकरीत. खोळींना बुरशी आली होती म्हणून त्या फेकल्या. बाई आल्या, पेले घेतले, "किती छान जपलेत!" म्हणाल्या. तो दिवस मोहिद्दीनचा फार सुखात गेला.

पंधरा दिवसांनी बाई निकाल घेऊन दुकानात आल्या, खरेदीखताच्या बरोब्बर एक दिवस आधी. हैबतराव तिथंच बसलेले. बीबीजान दाराच्या आड.

"तुमच्या घरात काहीच नाही म्हटलं तरी चालेल," बाई म्हणाल्या. "आश्चर्यच आहे. मला वाटलं होतं, खडकाच्या खोलीत चांगलं सापडेल. माझा अंदाजच चुकला."

"म्यां काय म्हनलं!" हैबतराव मांडीवर थाप मारून म्हणाले. आत भांडं वाजलं. बीबीजाननं ताट-वाट्या गोण्यात भरायला घेतल्यासुद्धा.

"पन बाई, त्यात कळतं कसं?" कुशाबानं चहा देता देता विचारलं. त्याला काय अडलं होतं देव जाणे.

बाईंना शिकवायची हौस. "पेल्याच्या तोंडावर तो पातळ पडदा असतो ना, त्यातून खोलीतली हवा आत जाते. वायू आत गेला की फिल्मवर बारीक भोकं पडतात, वाळवी लागल्यासारखी. ती आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली मोजतो."

मशीनचं चाक थांबलं. मोहिद्दीनच्या हातात कुणाच्या तरी पायजम्याची नाडीची पट्टी होती, ती तशीच राहिली.

"हवा आत जावी लागती?" त्यानं विचारलं.

"हो तर. हवाच गेली नाही तर मोजायचं काय?"

बाईंची एसटी आली आणि त्या गेल्या. मोहिद्दीन बसून राहिला. नंतर त्या पायजम्याचे दोन्ही पाय त्यानं एकमेकांत शिवून टाकले आणि ते त्याला दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकानं दाखवलं तेव्हा कळलं. त्याचा राग राग होत होता. स्वतःचा राग येत होता, पण बाईंचा जास्त. आधी सांगायला काय झालं होतं? पाणी नको, धूळ नको, हे सांगता येतं. हवा हवी, हे नाही सांगता येत? आणि त्या वायूचाही राग. साप असता तर दिसला असता, विंचू असता तर चावला असता. हा कसला दुश्मन, की जो आहे का नाही हे विचारायलासुद्धा पुण्याला जावं लागतं?

आणि खरं म्हणजे न बोललं की भागत होतं. बाई खूष, हैबतराव खूष, बीबीजान तर गाणं गुणगुणत गोणं शिवत होती. बावीस वर्षांत तिला गुणगुणताना त्यानं ऐकलं नव्हतं. त्याला सुचेना.

सकाळी कचेरीच्या आवारात, वडाखाली कागद लिहून देणाऱ्याच्या बाकड्यावर सगळे जमले. हैबतरावांनी सही ठोकली. मोहिद्दीननं त्या दिवसासाठी स्वतःला पांढरा सदरा शिवला होता, पाठीत चांगला लांब. कागद लिहिणाऱ्यानं बीबीजानचा आंगठा शाईच्या गादीवर दाबला, उचलला आणि कागदाकडं नेला.

"थांब!" मोहिद्दीन म्हणाला.

सगळे थांबले.

"म्यां पेल्यांना खोळ घातली हुती."

"कसली खोळ?" हैबतराव म्हणाले.

"रबरी. दुहेरी टिपेची. हवा गेलीच न्हाई आत. त्या खोलीत ग्यास हाय का न्हाई, कुनालाच ठाव न्हाई. आन तिला दमा हाय, आन निजायचं तितंच हाय." हे सगळं त्यानं एका दमात सांगितलं आणि जमिनीकडं बघत राहिला.

 बीबीजाननं आंगठा वर केला, सगळीकडं बघितलं, पुसायला काही दिसेना, तेव्हा तो नवऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्याला छातीवर नीट पुसला आणि पदर सावरून चालायला लागली.

"आरं पन मोजलंय की!" हैबतराव ओरडत होते. "बाईनं सांगितलंय की! तुजी खोळ तू का कुनाला सांगतोस, खुळ्या?"

त्यांनी चावी काढून घेतली. घराला दुसरं कुलूप लावलं. बाईंना मोहिद्दीननं कार्ड टाकलं, त्यांचं उत्तर आलं, की झालं ते झालं, पण पुन्हा पेले लावायला मालकाची परवानगी हवी. मालक कोळवणात बसून मोहिद्दीनच्या नावानं खडे फोडत होते. म्हणजे घर नाही, मोजणी नाही, आणि वर पेठेतली टवाळी.

"मोहिद्दीनभाई, म्हशीच्या पोटात ग्यास धरलाय, येक खोळ शिवा."

"टेलर, तुमच्या मशीनला आधी इचारा, आत हवा जाती का!"

त्याला जिन्यावरची पावलं आता पूर्वीपेक्षा मोठी ऐकू यायला लागली. आणि बीबीजाननं ताट-वाट्या गोण्यातून परत काढल्या, एकेक. तिनं भांडावं असं त्याला फार वाटत होतं.

"बोल की कायतरी," एक दिवस तो म्हणाला.

"काय बोलू? खरं सांगितलंत. पन सहा म्हैनं त्या घराचं बोलताय, मला येकदा तरी न्हेऊन दावलंत का?"

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिच्या नावावर घ्यायचं घर, आणि तिला ते आतून कसं आहे हे ठाऊक नव्हतं. त्याला आणखी एका गोष्टीचा राग आला, आणि ह्या खेपेला तो बाईंवर ढकलता येईना.

इकडं हैबतरावांकडं दोन गिऱ्हाइकं आली. एक सुसहून, एक पुण्याहून. दोघांनीही पेठेत चहा घेतला. आता पेठेत चहा म्हणजे कुशाबाचा, आणि कुशाबा चहाबरोबर काय देतो हे सांगायला नको. दोघंही चहा पिऊन परस्पर परतीच्या गाडीत बसले. तेव्हा नोव्हेंबरात हैबतरावांनी स्वतःच बाईंना निरोप धाडला, "या, मोजा, आन येकदाचं काय ते ठरवा." ह्या खेपेला पेले उघडे टांगले. चावी हैबतरावांनी स्वतःकडं ठेवली. मोहिद्दीननं तीन महिने त्या बाजूला पाऊलसुद्धा टाकलं नाही. हात शिवशिवतात, म्हणाला.

फेब्रुवारीच्या शेवटाला निकाल आला. बाई घरातच घेऊन आल्या. बीबीजान त्या दिवशी पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत गेली.

"माजघरात अगदी थोडा," बाई म्हणाल्या. "खडकाच्या खोलीत त्याच्या पाचपट."

"म्हंजे मानूस मरतुया का न्हाई?" हैबतराव म्हणाले.

"असं नाही सांगता येत."

"व्हय का न्हाई, येवढंच सांगा की बाई!" मोहिद्दीनचा आवाज चढला. "येक वरीस झालं. मला आकडा नगं. म्यां टेलर हाय, मला म्हाईत हाय आकडा काय असतुया. आकडा घेऊन कापडं घालता येत न्हाईत. ह्या घरात निजायचं का न्हाई?"

 "खात्रीनं हो किंवा नाही म्हणणारा माणूस अजून कुठंच नाही," बाई म्हणाल्या. "मी असते तर मागच्या खोलीत झोपले नसते. खडकाच्या भेगा बुजवल्या असत्या, पलीकडच्या भिंतीला झरोके पाडले असते आणि घर उघडं ठेवलं असतं. वारं लागलं की तो राहत नाही." मग त्यांनी मोहिद्दीनच्या कानावरच्या विडीकडं बोट केलं. "आणि ती पहिली फेकली असती. विडी आणि हा वायू, दोन्ही मिळून फार वाईट."

"घ्या!" मोहिद्दीन म्हणाला. "ग्यास खडकाचा आन विडी माजी!"

बीबीजान तोवर खडकाच्या खोलीत जाऊन बसली होती, जमिनीवर, मांडी घालून. तिनं श्वास घेतला, सोडला. खडकाला हात लावला. मोहिद्दीन दारात जाऊन उभा राहिला.

"काय कळतं का?"

"काय न्हाई."

"त्येच तर!"

ती उठली, पदर झटकला. "हितं सरपन ठिवायचं," ती म्हणाली. "ह्या दाराची फळी काढायची, दारच नगं. झरोकं तीन. निजायचं वसरीला न्हाई तर माजघरात. मशीन कुटं ठिवायचं ते तुमी बगा. आन हैबतदादा, भेगा बुजवायचा गवंडी तुमचा."

"माजा का?" हैबतराव म्हणाले.

"खडूक तुमच्या आज्याचा हाय."

त्यांनी गवंडी दिला. भैरू म्हणून होता, त्यानं चार दिवसांत भेगा भरल्या, तीन झरोके पाडले, एक वाकडा. पाडव्याच्या आठवड्यात आंगठा लागला आणि ह्या खेपेला तो कागदावरच लागला.

घर झालं, सुख झालं असं मात्र मोहिद्दीन कधी म्हणाला नाही. कारण जून आला. अख्खं पौड दारं-खिडक्या लावून चुलीशी बसलेलं असताना ह्यांचं एकच घर सताड उघडं. मागं दार नाही, झरोक्यातून वारं शिट्ट्या घालतंय, ताम्हिणीकडून सुटलेला पाऊस ओसरीतून थेट मशीनपर्यंत येतोय. शिवायला दिलेल्या कापडाला बुरशी, सुयांना गंज. विडी तर बीबीजाननं मार्चातच बंद केलेली. तो घोंगडी पांघरून मशीनवर बसायचा आणि अर्धा दिवस पावसाला, अर्धा बाईंना आणि उरलेला वेळ स्वतःला शिव्या घालायचा. रस्त्यानं जाणारा हसत विचारायचा, "काय टेलर, ग्यास गेला का?"

"ग्यास गेला. आता आमी जानार."

दरवर्षी, पाऊस अगदी आडवा झाला की तो माजघराच्या खिडकीशी जायचा आणि कडीवर हात ठेवायचा.

"लावू का गं? जरा येळ?"

बीबीजान चुलीपुढून मान वळवायचीसुद्धा नाही. तिचा दमा त्या घरात आल्यापासून पूर्वीपेक्षा बरा होता. वाऱ्यानं म्हणा, जिन्याची माती सुटली म्हणून म्हणा, ते कुणी मोजलं नव्हतं.

"लावा की," ती म्हणायची. "आन मग हित्तंच बसून ऱ्हा, माज्यासमूर. आत काय साठतंय त्ये मला सांगा."

 मोहिद्दीन कडीवरचा हात काढायचा, घोंगडी डोक्यावरून घ्यायचा आणि मशीन आणखी हातभर आत ओढायचा.